कोकणातलं मे महिन्यातलं लग्न: पाणी, सरबत, सोलकढी आणि बाकीच्या पेयांचा हिशेब

लग्नात जेवण सहसा कमी पडत नाही. आचारी जुना असतो, तीनशे पानांना किती तांदूळ आणि किती मटण लागतं ते त्याला तोंडपाठ असतं. पेयांची जबाबदारी मात्र कोणीच धड अंगावर घेत नाही. सरबत केटररकडे, पाण्याचे जार मामाकडे, बर्फ कुठल्या तरी पुतण्याकडे आणि सोलकढी "होईल ऐनवेळी". मग रात्री साडेआठला, पंगत बसलेली असताना, पाणी संपतं आणि नवरीचा बाप हातात मोबाइल घेऊन जारवाल्याला शोधत फिरतो. घरातलं पहिलंच कार्य असेल तर सगळ्यात आधी एवढं करा: पेयांचं सगळं खातं एकाच माणसाकडे द्या आणि त्याच्या हातात वही द्या. पुढचं सगळं त्या माणसासाठी लिहिलं आहे.

हिशेब समजायला एक उदाहरण धरू. मालवण तालुक्यातलं गाव, मे महिना, घरासमोरच्या खळ्यात मांडव, संध्याकाळी साडेसहा ते साडेदहा रिसेप्शन. जेवण मांसाहारी, थोडी शाकाहारी पानं वेगळी.

पहिली पायरी: माणसं मोजा

पत्रिकांच्या संख्येवर जाऊ नका. आपल्याकडे पत्रिकेवर "सहकुटुंब सहपरिवार" असतं आणि गावात बोलावणं चूलबंद, म्हणजे अख्ख्या घराला, असतं. म्हणून गाव चुलींनी मोजा, बाहेरचे नावांनी मोजा आणि वऱ्हाड गाड्यांनी मोजा.

आपल्या उदाहरणात वाडीतल्या 40 चुली, दर चुलीमागे 4 माणसं, म्हणजे 160. मुंबईहून येणारे चाकरमानी 60. मे महिन्यात रेल्वेचं तिकीट काढून आलेला माणूस लग्न चुकवत नाही, तेव्हा त्यांच्यात काही वजा करू नका. मुलाकडचं वऱ्हाड दोन बसनी, म्हणजे 90. शेजारच्या गावातले, ओळखीचे, नोकरीतले असे 50. एकूण 360.

आता यात बहुतेक जण विसरतात ती माणसं मिळवा: आचारी आणि त्याचे मदतनीस, वाढपी, मांडववाले, बँजोवाले, फोटोग्राफर, बसचे ड्रायव्हर. ही 40 माणसं धरा. चुलीपाशी उभा असलेला आचारी दुपारपासून पाणी पितो आणि पाहुण्याच्या दुप्पट पितो. म्हणजे पाण्यासाठी 400 माणसं, बाकी पेयांसाठी 360.

दुसरी पायरी: पाणी

माझं ठाम मत आहे की यादीत पाणी सगळ्यात वर असावं. किनाऱ्यावर मे महिन्यात तापमान फार चढत नाही, 33-34 अंशांच्या आसपास राहतं. पण हवेत दमटपणा इतका असतो की घाम वाळतच नाही. सूर्य मावळला तरी सुटका नाही. शालू नेसलेल्या बायका, कोट घातलेला नवरा, मुंबईच्या एसीतून आलेले पाहुणे, सगळ्यांना घशाला कोरड पडते.

एका माणसाला आल्यावर एक ग्लास, फोटोच्या रांगेत आणि गप्पांत एक, जेवताना दोन ते तीन. 200 मिलिलिटरचा ग्लास धरला तर साधारण 1 लिटर. अर्धवट टाकलेलं, सांडलेलं, पोरांनी हात धुतलेलं धरून 1.2 लिटर. 400 माणसांचे 480 लिटर, म्हणजे 20 लिटरचे 24 जार.

इथे थांबू नका. सरबत आणि सोलकढीलाही हेच पाणी लागणार आहे. किनाऱ्याजवळच्या अनेक विहिरी मे महिन्यात मचूळ होतात. नुसतं पिताना गावकऱ्यांना त्याची सवय असते, पण त्याच पाण्यात कोकमचं सरबत केलं की चव ताबडतोब बिघडते आणि दोष सिरपवर जातो. त्या दोन पेयांसाठी आणखी 7 जार. वर 3 जार अडीनडीला. एकूण 34.

जार आदल्या दिवशी संध्याकाळीच मांडवात उतरवून घ्या. मे महिन्यात एका मुहूर्तावर चार गावांत लग्नं असतात आणि जारवाला एकच असतो. सुटे, थंड करून मिळणारे जार सीलबंद बाटलीसारखे नसतात. पाणी कुठून भरतात, जार कधी धुतात हे विचारायला लाजू नका, जमलं तर जाऊन बघून या. स्वयंपाकाचं, भांड्यांचं आणि हात धुण्याचं पाणी पूर्ण वेगळं ठेवा. त्याला टँकर लागणार असेल तर तो आधीच सांगून ठेवावा लागतो. पावसाळ्यात धो धो कोसळणाऱ्या या पट्टीत मे महिन्यात टँकरला नंबर लावावा लागतो.

पाण्याची ठिकाणं एकाहून जास्त करा: एक मांडवाच्या तोंडाशी, एक स्टेजपासून जवळ, एक पंगतीत, आणि एक बँजोवाल्यांच्या व ड्रायव्हरांच्या बाजूला. सगळे जार एका कोपऱ्यात ठेवले तर तिथे चिखल होतो आणि म्हातारी माणसं उठून जातच नाहीत. त्यांच्यासाठी दोन चुणचुणीत मुलं तांब्या-पेला घेऊन फिरती ठेवा. आपल्याकडे पाहुण्याचं आदरातिथ्य पाण्यानेच सुरू होतं, आणि खुर्चीत बसलेल्या आजीला न मागता पाणी मिळालं की कार्याला शोभा येते.

ग्लासांचं एक. प्लास्टिकचे वापरून फेकायचे पेले बंद आहेत. महाराष्ट्रात 2018 पासून आणि देशभर 1 जुलै 2022 पासून. भांडी भाड्याने देणाऱ्याकडून स्टीलचे पेले घ्या. माणशी एक पुरत नाही, दीडच्या हिशेबाने घ्या आणि ते विसळायला दोन माणसं पगारी ठेवा. कागदी घेणार असाल तर माणशी 4 धरा, आणि दुसऱ्या दिवशी ते माडाच्या बागेत उडत फिरणार नाहीत याची सोय करा.

तिसरी पायरी: आल्याबरोबर द्यायचं पेय

ग्लास 200 चा असला तरी भरतो 150 मिलिलिटर. 360 माणसं, त्यातली निम्मी दुसरा ग्लास घेतात. 360 ला 150 ने गुणा, मग दीडपट करा: 81 लिटर. आपण 50 लिटर कोकम सरबत आणि 30 लिटर पन्हं करू.

कोकमच्या दोन बाटल्यांत नवखा माणूस हमखास गोंधळतो. आगळ म्हणजे मीठ घातलेला कोकमचा रस, तो सोलकढीला. अमृत कोकम म्हणजे साखरेत मुरवलेलं सिरप, ते सरबताला. सामान आणायला मुंबईकर भाच्याला पाठवणार असाल तर चिठ्ठीवर दोन्ही नावं नीट लिहून द्या.

सिरपचं प्रमाण साधारण एकास पाच. म्हणजे 1 लिटर सिरपचं 6 लिटर सरबत, 40 ग्लास. 50 लिटरला सव्वाआठ लिटर पुरेल, 10 बाटल्या घ्या. घरगुती सिरप दाट-पातळ असतं, म्हणून आठवडाभर आधी एक बाटली आणून ग्लासाने मोजून करून बघा. प्रमाण तिथेच ठरवा आणि वहीत लिहा. लग्नाच्या दिवशी चव बघणारे दहा जण असतात आणि प्रत्येकाला वेगळं हवं असतं. चिमूट मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड विसरू नका. सिरप ओळखीच्या बाईंकडून किंवा गावातल्या बचत गटाकडून घ्या. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमला भौगोलिक मानांकन आहे. आपल्याच दारात पिकणारी वस्तू सोडून पाहुण्यांना रंगीत पावडरीचं पाणी का द्यावं?

पन्ह्याचा गर दोन दिवस आधी उकडून, गूळ किंवा साखर घालून फ्रीजमध्ये ठेवता येतो. त्या दिवशी फक्त पाणी आणि वेलची. हापूसच्या बागेत गळून पडलेल्या कैऱ्या असतील तर खर्च साखरेचाच.

शहाळी द्यायची हौस असेल तर वऱ्हाडाच्या स्वागतापुरती ठेवा. 360 शहाळी सोलायला कोयता चालवणारे तीन-चार गडी लागतात, आणि रिकाम्या शहाळ्यांचा ढीग मांडवाइतका होतो.

चौथी पायरी: सोलकढी

इथे वेळ काढून थांबू, कारण कोकणातल्या पंगतीत पाहुण्याच्या लक्षात राहते ती सोलकढी, आणि बिघडते तीही तीच.

हिशेब वाटीचा. 360 पैकी 80 टक्के लोक घेतात, म्हणजे 288. घेणाऱ्यांपैकी निम्मे परत मागतात. 432 वाट्या, वाटी 150 मिलिलिटरची, एकूण 65 लिटर. एका मध्यम नारळाच्या चार-पाच वाट्या होतात, तेव्हा 100 नारळ घ्या. शेकड्याने घेतले की स्वस्त पडतात, आणि दोन-चार कुजके निघतातच. आगळ 6 लिटर. ताजं आणि जुनं आगळ आंबटपणात वेगळं असतं, त्यामुळे सगळं एकदम ओतू नका. आगळात मीठ असतंच, म्हणून मीठ सगळ्यात शेवटी, चाखून.

आता कृतीतल्या खुब्या. खवलेलं खोबरं वाटताना पाणी कोमट घ्या. नारळाची चरबी साधारण 24 अंशांखाली गोठते. बर्फाच्या पाण्यात वाटलं तर रस नीट सुटत नाही आणि वर पांढरे कण तरंगतात. पहिला दाट रस पंचातून पिळून काढा, तो वेगळ्या टोपात. चोथ्याला परत कोमट पाणी घालून दुसरा रस काढा. तिसऱ्याच्या मोहात पडू नका, नुसतं पांढरं पाणी निघतं. पिळणाऱ्याचे हात, पंचा आणि टोप स्वच्छ हवेत, कारण नारळाचा रस दुधापेक्षा लवकर आंबतो. मे महिन्याच्या उकाड्यात बाहेर ठेवलेला रस चार-पाच तासांत वास धरतो. रात्री आठच्या पंगतीसाठी सकाळी रस काढून ठेवायचा नाही. दुपारी चारला खवणी सुरू करा, साडेपाचला पिळायला बसा, रस काढल्याबरोबर टोप बर्फात. 100 नारळ फोडून, खवून, पिळायला विजेची खवणी असली तरी चार माणसं हवीत. लाईट गेली तर हाताच्या खवण्या आणि विळ्या कोणाच्या घरून यायच्या हेही आधीच ठरवा.

आगळ पंगत बसायच्या अर्धा तास आधी घाला. थोडं थोडं घालत ढवळत जा. रंग फिकट गुलाबी झाला की चाखा. त्यात ठेचलेली हिरवी मिरची, लसूण आणि वर कोथिंबीर. शाकाहारी पानांसाठी बिनलसणाचा टोप वेगळा ठेवा आणि त्यावर चिठ्ठी लावा, नाहीतर वाढपी एकच डाव दोन्हीकडे घालतो. भांडं स्टीलचं हवं. कोकमचा आंबटपणा ॲल्युमिनियमला आणि कल्हई नसलेल्या पितळेला लागतो.

उभी राहिलेली सोलकढी फाटल्यासारखी दिसते, वर साय आणि खाली गुलाबी पाणी. ती बिघडलेली नसते. प्रत्येक वेळी डावाने तळापासून ढवळून वाढा. पहिल्या पंगतीला 30 लिटरच तयार करा. बाकीचा रस बर्फात राहू द्या आणि दुसऱ्या पंगतीच्या वेळी आगळ घाला. कमी लोक आले तर उरलेला रस दुसऱ्या दिवशीच्या आमटीला जातो. आगळ घातलेली सोलकढी मात्र टाकून द्यावी लागते.

पाचवी पायरी: बर्फ

किनाऱ्यावर बर्फ म्हटलं की मासळीच्या बंदरावरचा कारखाना आठवतो. तो बर्फ बोटींसाठी असतो, माणसाच्या पोटात जाण्यासाठी नव्हे. खाण्याचा आणि न खाण्याचा बर्फ ओळखता यावा म्हणून महाराष्ट्रात 2018 पासून अखाद्य बर्फाला निळसर छटा देण्याचा नियम आहे. निळा दिसला तर ग्लासात जाऊ देऊ नका, आणि पांढरा दिसला तरी कारखान्यात विचारल्याशिवाय खाण्याचा समजू नका.

यातून सोपा मार्ग असा: लादीचा बर्फ बाहेरून थंड करायला आणि पिशवीतला खाण्याचा बर्फ ग्लासात. मोठ्या पिंपात फोडलेली लादी घाला, त्यात सरबताचा किंवा सोलकढीचा झाकणबंद टोप बसवा. सरबत, पन्हं आणि सोलकढी मिळून 145 लिटर पेय 30 अंशांवरून 10 अंशांवर आणायला नुसत्या गणिताने 36 किलो बर्फ वितळतो. हवेत वितळणारा धरून दुप्पट, म्हणजे 75 किलो घ्या. लादी गोणपाटात गुंडाळून, लाकडाच्या भुशात, सावलीत ठेवा. सरबतात थेट बर्फ टाकणार असाल तर सरबत एकास चार करा, कारण बर्फ वितळून ते आपोआप पातळ होतं.

बर्फाची मागणी आठ दिवस आधी नोंदवा. यांत्रिक बोटींची मासेमारी 1 जूनपासून बंद होते, त्यामुळे मे अखेरपर्यंत बोटींची ये-जा जोरात असते आणि कारखाना आधी बोटींना बर्फ देतो.

सहावी पायरी: चहा, ताक, कोल्ड्रिंक

चहा अर्धं दूध, अर्धं पाणी धरला तर 1 लिटर दुधाचे 20 कप. संध्याकाळच्या रिसेप्शनला 100 कप पुरतात. सकाळच्या विधींना मात्र माणशी दोन. शाकाहारी पानांना मठ्ठा हवा असेल तर 1 लिटर दह्याचा 3 लिटर होतो. कोल्ड्रिंकची 2 लिटरची बाटली 13 ग्लास देते, ती पोरांसाठी. दुकानदाराशी आधीच बोला: सील न फोडलेल्या बाटल्या परत घेणार का? "घेतो" म्हणाला तर थोड्या जास्त आणा.

सातवी पायरी: दारू द्यायची असेल तर

बऱ्याच घरांत रिसेप्शनला दारू नसतेच, आणि नसली म्हणून कोणाचं काही अडत नाही. काही ख्रिस्ती घरांत टोस्टला वाइन असते. रायगड-ठाण्याच्या पट्ट्यात हळदीच्या रात्री दारू वाटण्याची पद्धत आहे, आणि तिचा खर्च पेलेनासा झाल्याने काही गावांनी ती बंद करायचे ठरावही केले आहेत. माझं सांगणं एवढंच: कर्ज काढून पाजू नका, आणि लोक काय म्हणतील म्हणून पाजू नका. सोलकढी चार वाट्या जास्त झाली तर कोणाचं घर मोडत नाही.

द्यायची ठरली तर आधी कायदा. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वय 21 पूर्ण हवं, कडक दारूसाठी 25. कार्यक्रमात मद्य द्यायला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एक दिवसाचा तात्पुरता परवाना काढावा लागतो. त्या दिवशी ड्राय डे तर नाही ना, तेही बघा. सिंधुदुर्गात मोह होतो तो गोव्याच्या स्वस्त बाटल्यांचा. त्या फक्त गोव्यात विकण्यासाठी असतात. बांदा, इन्सुलीच्या बाजूला गाड्या तपासतात. बाटल्या जातात, गाडी जप्त होते आणि नवऱ्या मुलाचा भाऊ लग्नाच्या दिवशी पोलीस ठाण्यात बसतो. बिल असलेला माल आपल्या तालुक्यातूनच घ्या.

हिशेब एकूण पाहुण्यांवर करू नका. घरातल्या दोन जाणत्या माणसांना बसवा आणि पिणाऱ्यांची नावं लिहून काढा. समजा 70 निघाले. पहिल्या तासात माणशी दोन, पुढच्या दोन तासांत एकेक, म्हणजे 4. एकूण 280 ग्लास. उकाड्यात निम्मे बिअरकडे वळतात.

बिअरचे 140 ग्लास: 650 मिलिलिटरच्या बाटलीत दोन, म्हणजे 70 बाटल्या, 12 च्या 6 पेट्या. व्हिस्की-रमचे 110 पेग 60 मिलिलिटरचे: 750 च्या बाटलीत 12, म्हणजे 10 बाटल्या. वाइनचे 30 ग्लास 150 मिलिलिटरचे: बाटलीत 5, म्हणजे 6 बाटल्या. सोडा आणि पाणी मिळून 20 लिटर, खाण्याचा बर्फ माणशी अर्धा किलो, 35 किलो. मापाचा पेला ठेवा आणि ओतायला एकच माणूस बसवा, तोही न पिणारा. प्रत्येकाने हाताने ओतून घेतलं की हा सगळा हिशेब पहिल्या तासात संपतो.

जागा मांडवापासून बाजूला, बायका-पोरांच्या वाटेवर नको. आणि संपायच्या तासभर आधी, साडेनऊला, बंद. आपल्याकडचे रस्ते अरुंद, वळणाचे, रात्री दिवे नसलेले. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असलं तर गाडी चालवणं गुन्हा आहे. बसच्या आणि गाड्यांच्या ड्रायव्हरांना वेगळ्या टेबलावर आधी जेवायला वाढा, चहा द्या, आणि तिकडे बाटली जाणार नाही यासाठी एक वडीलधारा माणूस नेमा. चाकरमान्यांपैकी कोणाला पहाटे हायवेने मुंबईला परत गाडी न्यायची असेल तर त्याला रात्री झोपायला जागा द्या.

वेळापत्रक

आठ दिवस आधी: माणसं मोजून झालेली, सिरपची चव बघितलेली, बर्फ आणि जार नोंदवलेले. परवाना लागणार असेल तर त्याचा अर्ज त्याहून आधी. चार दिवस आधी नारळ घरात. दोन दिवस आधी पन्ह्याचा गर. आदल्या संध्याकाळी जार. कार्याच्या दिवशी दुपारी तीनला लादी, चारला खवणी, साडेपाचला सरबत कालवून बर्फात, सहाला प्रवेशापाशी पहिले 50 ग्लास भरून झाकून ठेवलेले. माश्या बसू नयेत म्हणून जाळीची झाकणं आठवणीने आणा.

रात्री आवरताना जार मोजून जारवाल्याला परत द्या, नाहीतर अनामत जाते. भाड्याचे पेलेही रात्रीच मोजा, सकाळपर्यंत ते शेजारच्या चार घरांत पोचलेले असतात. बंद आगळ आणि सिरप वर्षभर टिकतं, ते निघणाऱ्या चाकरमान्यांच्या पिशवीत एकेक बाटली घालायला उपयोगी पडतं.